चतुःसीमा

मजगावात दुसऱ्या क्रॉसला
तीस बाय चाळीसची साईट.
परशरामचा फौंड्रीतला फंड,
माझ्या मागावरच्या अठरा वर्षांच्या साड्या,
वर वडगावच्या सोसायटीचं उचललेलं,
असे मिळून तीन लाख दहा हजार.
सातेरी एजंट म्हणाला होता,
"जागा म्हणजे कोंबडी नव्हं वहिनी, रोग येऊन मरत नाही."

रजिस्टर ऑफिसात सतरा पानं, सगळी कन्नडात.
मी फक्त वळणं बघितली,
पदरावर बुट्टे उठावेत तशी, दाट, एकसारखी.
एकही धागा सुटलेला नव्हता.
सही कुठं करायची तिथं पेन्सिलीची फुली होती.
परशरामनं कुंदा वाटला,
कारकुनाला दोनदा.

पहिली तीन वर्षं
आम्ही कॉलनीत नाही, नकाशात राहिलो.
गटार नकाशात, बाग नकाशात,
मुलांची घसरगुंडीसुद्धा निळ्या शाईत.
बाहेर नुसता बासमतीचा कापलेला खुंट
आणि खिडकीशी येऊन बसणारे खेकडे.

परशराम गेला त्या वर्षी रस्ता डांबरी झाला.
दिवसाला आलेली माणसं
जाता जाता भाव सांगून गेली:
आता गुंठ्याला इतके, पुढच्या पाडव्याला तितके.
वाईट हेतूनं नाही.
दुसरं सांगण्यासारखं त्यांच्याकडं काही नव्हतं.

वर माळा चढवला. होसमनींना भाड्यानं दिला.
ते गोकाकचे, बायको रायबागची,
पोरगी विद्याश्री चौथीत.
तिला माझं निम्मं कळतं, मला तिचं निम्मं,
दोघींचं मिळून एक होतं.

हॉलमधली एक फरशी मात्र
झाडू टेकला की वेगळं बोलते.
पोकळ. जणू खालून कुणी "ओ" दिली.
तीनदा बदलली.
गवंड्याला बोलले, सिमेंटला बोलले,
शेवटी तिच्यावर चटई टाकली
आणि चटईवर टीव्ही.

सोमनाथचा पुण्याहून रविवारी फोन.
"पंचेचाळीस येतायत आई. तिथं एकटी काय करतेस?"
पूर्वी तो "काय करूलालीस" म्हणायचा.
आता मीच ते
फोन ठेवल्यावर मनात लावून घेते.

विकायचं म्हणून पेटी उघडली, खत काढलं.
विद्याश्री जिन्यावर पाढे म्हणत होती.
म्हटलं, ये गे, वाच बघू आज्जीला.
तिनं बोट ठेवून वाचलं,
जसा धडा वाचतात.
पूर्वेला रस्ता, पश्चिमेला चौदा नंबर,
उत्तरेला बिर्ज्यांचा बांध.
मग थांबली. परत वाचलं.
"मुच्चिद बावी."
मुजवलेली बाव.
आपल्याच हद्दीत, हॉलच्या मापात.

एकोणीस वर्षं पेटीत होतं ते,
माझ्या सहीच्या चार ओळी वर.
बावी म्हणजे बाव, एवढं कन्नड
मला जन्मापासून येत होतं.
कुणी मोठ्यानं वाचलं असतं तर.

रात्री भरमाण्णा बिर्ज्यांना विचारलं.
ते कट्ट्यावर बसूनच म्हणाले,
"व्हय की. चव होती त्या पाण्याला.
तुमच्या मालकाला सांगितलं होतं मी."

परशरामला ठाऊक होतं.
तो टीव्ही कायम भिंतीकडं सरकवायचा,
मी परत ओढायची.

सातेरीला सांगितलं, गिऱ्हाईकाला लपवायचं नाही.
वाटलं, तोंड पाडील.
त्यानं मोबाईलवर आकडे बडवले.
"बाव हाय? मग बोअरचा खर्च वाचला त्येंचा.
अजून दोन लाख मागूया."

आज टीव्ही उचलला, चटई गुंडाळली.
विद्याश्रीनं टाचेनं फरशी वाजवली
आणि कान लावून पालथी पडली.
"अज्जी, नीरु इदे?"
पाणी आहे का, म्हणते.

मी पण बसले खाली, गुडघा धरून.
फोन वाजत होता, रविवार होता.